दारात मार्कशीट मागू नका

माझ्या हातात प्लास्टिकची फाईल होती. दहावीची मार्कलिस्ट, बारावीची, शिवाजी विद्यापीठाच्या बी.ए.च्या तिन्ही वर्षांच्या, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला. सगळं लॅमिनेट केलेलं, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. मिरजेहून निघताना बाबांनीच ती लावून दिली होती. कुठं काय मागतील सांगता येत नाही म्हणून. कॅलिफोर्नियातल्या आमच्या घरापासून बसनं वीस मिनिटांवर असलेल्या कम्युनिटी कॉलेजात, प्रवेशाच्या खिडकीशी मी ती उघडली. आतल्या बाईंनी एक-दोन कागद चाळले, फाईल मिटली आणि माझ्याकडे परत सरकवली. म्हणाल्या, "याची गरज नाही. तुम्हाला शिकायचं काय आहे?"

मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते, मुलगी चौथीत होती. शिक्षणाच्या कुठल्याही खिडकीवर हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. टक्के किती, शाखा कुठली, मध्ये गॅप का पडला, हे विचारलं होतं.

त्याच वर्षी गणपतीच्या जेवणात शेजारी बसलेल्या एका गृहस्थांना मी कौतुकानं सांगितलं, की मी कॉलेजला जायला लागलेय. कुठलं, म्हणाले. मी नाव सांगितलं. "अच्छा, कम्युनिटी कॉलेज. तिथं काय, कुणालाही घेतात." पुढं ते आपल्या मुलाच्या बर्कली विद्यापीठाच्या अर्जाबद्दल बोलायला लागले. ते वाक्य त्यांनी उणेपणा दाखवायला उच्चारलं होतं. मला मात्र कुणालाही घेणं हाच या कॉलेजांचा सर्वांत मोठा गुण वाटतो. इथं तो गुण गेली काही वर्षं हळूहळू झिजवला जातोय आणि आमच्या महाराष्ट्रात तो अजून नीट रुजलेलाच नाही, या दोन्ही गोष्टींची मला काळजी वाटते.

या कॉलेजांचा इतिहास फार लांबचा नाही. १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात हायस्कूलच्याच छपराखाली पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं कॉलेज, सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं अशी कॉलेजं गावोगावी हवीत असं सांगितलं आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव तिथून रूढ झालं. कॅलिफोर्नियानं १९६० साली उच्च शिक्षणाचा आराखडा केला. शाळेतल्या वरच्या एक-अष्टमांश मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक-तृतीयांशांना स्टेट युनिव्हर्सिटी, आणि शिकायचं आहे अशा प्रत्येकाला कम्युनिटी कॉलेज. अठरा पूर्ण असतील तर हायस्कूल पास असण्याचीही सक्ती नाही. १९८४ पर्यंत इथं फीच नव्हती. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि रहिवाशांना एका युनिटचे, म्हणजे आपल्या भाषेत एका क्रेडिटचे, ४६ डॉलर पडतात. २०१२ पासून दर तोच आहे. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस काढावा लागतो. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, नोकरीची परवानगी नसलेल्या माझ्यासारख्या बायकांना शिकायला मात्र बंदी नाही. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियात अशा मराठी बायका शेकड्यांनी असतील. घरात बसून 'वर्क परमिट कधी येणार' याची वाट बघत वर्षं काढण्यापेक्षा हे दार आहे, हे त्यांतल्या कितीतरी जणींना माहीत नसतं. माहीत असलं, तर त्या गृहस्थांच्या वाक्यासारखी वाक्यं आड येतात.

मी पहिला विषय घेतला आहारशास्त्र. तीन युनिट, १३८ डॉलर. पहिली मोठी असाइनमेंट अशी होती की तीन दिवस जे जे पोटात जाईल ते तोलून लिहायचं, संगणकात भरायचं आणि कशाची उणीव आहे ते शोधून काढायचं. माझ्या यादीत ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आमटी-भात, ताक. सॉफ्टवेअरला भाकरी माहीत नव्हती. 'फ्लॅट ब्रेड' निवडलं तर मैद्याचे आकडे यायचे. मी बाईंना विचारलं, जवळचं काहीतरी टाकू का? म्हणाल्या, नको, कोरडं पीठ तोला आणि तुमच्या देशात त्या धान्याची मोजमापं कुणी केली आहेत ती शोधा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली ५२८ अन्नपदार्थांची घटक-कोष्टकं छापली आहेत, हे मला कळलं ते असं, सातासमुद्रापार, एका कॅलिफोर्नियन बाईंच्या वर्गात. लग्नाआधीपासून भाकऱ्या थापतेय, पण माझ्या हाताच्या एका भाकरीला पंचावन्न ग्रॅम पीठ लागतं हे त्या रात्री पहिल्यांदा समजलं.

तीन दिवसांचा हिशेब लागला तेव्हा लोह बरं निघालं, प्रथिनं काठावर, आणि ब-१२ जवळजवळ नाहीच. आमच्याकडे तीन पिढ्या शाकाहारी. मिरजेला सासूबाईंच्या पायांना मुंग्या यायच्या, त्या 'वय झालं' म्हणून सोडून द्यायच्या. मी फोन करून डॉक्टरांकडे जाऊन ब-१२ तपासायला सांगितलं. याच वर्गात मला हेही कळलं की अमेरिकेतली मधुमेहाची संघटना आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २३ पासूनच करायला सांगते, इतरांना हा आकडा २५ आहे. म्हणजे आरशात बारीक दिसणारी आमची माणसं आधीच धोक्याच्या रेषेवर असतात. हे ज्ञान पदवीच्या चौकटीत बंद ठेवायचं असेल तर त्याचा उपयोग कुणाला? स्वयंपाक ज्यांच्या हातात आहे त्यांनी हे शिकायला नको का?

माझ्या बाकावर शेजारी एक फिलिपिनो बाई बसायच्या. पंचेचाळिशीच्या. वृद्धाश्रमात रात्रपाळी करून सकाळी आठला वर्गात. त्या सर्टिफाइड नर्स असिस्टंट होत्या, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवणं, अंघोळ घालणं, भरवणं, नाडी-रक्तदाब टिपून ठेवणं हे त्यांचं काम. कॅलिफोर्नियात त्यासाठी किमान १६० तासांचं प्रशिक्षण लागतं: ६० तास वर्गात, १०० तास प्रत्यक्ष रुग्णाजवळ. मग राज्याची परीक्षा. लेखी तर असतेच, शिवाय परीक्षकासमोर हातानं करून दाखवावं लागतं, आणि हात कसे धुतले इथपासून गुण असतात. त्या परीक्षेत कुणी दयामाया दाखवत नाही. आता त्यांना रजिस्टर्ड नर्स व्हायचं होतं; त्यासाठी शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र आणि आहारशास्त्र आधी पूर्ण करावं लागतं. एकेका सत्राला एकेक विषय, असं त्यांचं चौथं वर्ष चालू होतं.

कम्युनिटी कॉलेजातून नर्स घडू शकते ही कल्पनाही कुणीतरी भांडून उभी केलेली आहे. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मिल्ड्रेड मोंटॅग यांनी दोन वर्षांच्या नर्सिंग अभ्यासक्रमाचा प्रयोग सुरू केला. दोन वर्षांत नर्स होत नसते, असं म्हणणारे तेव्हाही होते. आज दोन वर्षांची पदविका घेतलेली आणि चार वर्षांची पदवी घेतलेली, दोघी परवान्यासाठी एकच परीक्षा देतात. दोघींना तोच निकष. ही रचना मला फार न्याय्य वाटते. आत येताना कुणी अडवत नाही. बाहेर पडताना मात्र प्रत्येकीला त्याच उंबऱ्यावरून जावं लागतं, आणि रुग्णाच्या जिवाशी गाठ असल्यामुळे तो उंबरा उंच असायलाच हवा.

दुसरा विषय मी घेतला तो निव्वळ आजोबांसाठी. ते मिरजेच्या एका भजनी मंडळात गायचे. १९८९ साली मामानं टू-इन-वनवर त्यांची एक कॅसेट भरली होती. आजोबा गेले, कॅसेट राहिली. तिच्यात आवाजापेक्षा घरघर जास्त. साऊंड रेकॉर्डिंगच्या वर्गाला नाव घातलं ते ही घरघर काढता यावी म्हणून.

पहिल्या दिवशी सरांनी कुठलंही यंत्र चालू केलं नाही. डेसिबल मोजायचं मीटर टेबलावर ठेवलं आणि फळ्यावर लिहीत गेले: ८५ डेसिबल, आठ तास. ८८, चार तास. ९१, दोन. तीन-तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी. शंभरला पोचले तेव्हा उरली होती पंधरा मिनिटं. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेनं आखून दिलेली ही मर्यादा आहे. सर म्हणाले, तुमचं हत्यार माइक नाही, कान आहे; गेलेला कान परत येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर मिरजेतली विसर्जनाची मिरवणूक उभी राहिली, आणि स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून बारा-बारा तास उभी असणारी, आमच्या गल्लीतली साऊंडवाल्याची दोन पोरं.

कॅसेटवर काम करायला सत्राचा शेवट उजाडला. घरघर नुसती कानाला एकसारखी वाटते. पडद्यावर तिचा आलेख काढला तर एक उंच सुळका ५० हर्ट्झवर, मग १०० वर, मग १५० वर. सर चकित झाले. इथली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे इथल्या जुन्या टेपांत सुळका साठावर येतो. म्हणजे कॅसेटमध्ये मिरजेची वीज रेकॉर्ड झाली होती. मी उत्साहानं एकेक सुळका छाटत गेले. घरघर गेली, पण तिच्याबरोबर तंबोराही बारीक झाला. भोपळ्यातून येणारा जो भरीवपणा असतो, जवारी नीट लागली की तारांतून जी गुणगुण उठते, ती कोरडी पडली. सरांनी तंबोरा कधी जवळून ऐकलेला नव्हता, तरी त्यांना ते लगेच कळलं. त्यांनी फिल्टर अरुंद करायला शिकवलं, वरच्या दोन जागा मोकळ्या सोडायला लावल्या. थोडी घरघर राहिली. आजोबांचा 'विठ्ठल' मात्र जागेवर आला.

हा छंद होता, हे मला कबूल आहे. पण पुढच्या दोन वर्षांत वर्क परमिट हातात आलं, आणि याच कौशल्यावर मला मराठी ऑडिओबुकांच्या ध्वनिसंपादनाचं काम मिळालं. वाचकाचे श्वास, खुर्चीची करकर, ओठांची चुटपुट काढणं, दोन दिवशी वाचलेल्या प्रकरणांचा आवाज एका पातळीवर आणणं. घरबसल्या पगार. छंद कुठं संपला आणि व्यवसाय कुठं सुरू झाला हे मलाही सांगता येणार नाही, आणि कॉलेजच्या खिडकीवर तर ते त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं.

सरकारी हिशेबात मात्र मी 'पूर्ण न केलेली' विद्यार्थिनी आहे. दोन विषय घेतले, पदविका नाही, प्रमाणपत्र नाही, विद्यापीठात बदली नाही. २००८ च्या मंदीनंतर राज्याच्या तिजोरीला ओढ लागली, तेव्हा या कॉलेजांत कोण किती वर्षं काय करतंय याची झाडाझडती सुरू झाली. २०१३ च्या सुमारास नियम आला, की संगीत, चित्रकला, व्यायाम अशा विषयांचा एकदा पास झालेला वर्ग पुन्हा घेता येणार नाही. वर्षानुवर्षं कॉलेजच्या वाद्यवृंदात वाजवणारे निवृत्त लोक त्यानं बाहेर पडले. २०१८ मध्ये अनुदानाचं नवं सूत्र आलं. सत्तर टक्के रक्कम विद्यार्थिसंख्येवर, वीस टक्के गरजू विद्यार्थ्यांच्या संख्येवर आणि दहा टक्के निकालांवर. निकाल म्हणजे पदविका, प्रमाणपत्रं, बदल्या, पोटापुरता पगार, आणि व्यवसाय-विषयांची किमान नऊ युनिटं.

हे करणाऱ्यांची बाजू खोटी नाही. कम्युनिटी कॉलेजात येणारी फार मुलं काहीच पूर्ण न करता निघून जातात. त्यांतली बरीचशी गरीब घरची, घरात कॉलेज पाहणारी पहिली पिढी, आणि त्यांना पदवीच हवी असते. ती वाटेत का गळतात याचा जाब कॉलेजांना विचारलाच पाहिजे. 'आम्ही दार उघडं ठेवलं, पुढं तुमचं नशीब' असं म्हणणारी संस्था मलाही नको. त्या दहा टक्क्यांना माझा विरोध नाही.

माझा विरोध आहे तो मोजण्याच्या एकाच फुटपट्टीला. सहा युनिटं घेऊन हवं ते शिकून गेलेली बाई आणि फी परवडेना म्हणून रडत बाहेर पडलेला मुलगा, दोघांची नोंद एकाच रकान्यात होत असेल तर त्या आकड्यातून धोरण कसं ठरवणार? विद्यार्थ्याला आत येताना एक प्रश्न विचारा: तुम्ही कशासाठी आलात? जाताना दुसरा: ते मिळालं का? एवढं केलं तरी चित्र बदलेल. पैसा कमी असेल तर पुन्हा वर्ग घेणाऱ्याकडून जास्त फी घ्या, माझी हरकत नाही. पण दारावर 'तू गंभीर विद्यार्थी आहेस का' अशी परीक्षा लागली, की पहिल्यांदा मागं फिरतात ते माझ्या बाकावरच्या बाईंसारखे लोक, जे एकेका सत्राला एकेक विषय घेऊन दहा वर्षांनी मुक्कामाला पोचणार असतात.

शिडी वरूनही ओढून घेतली जातेय. रजिस्टर्ड डाएटिशियनच्या परीक्षेला बसायला अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून पदव्युत्तर पदवी लागते. त्याआधी पदवीवर भागायचं. नर्सिंगमध्ये तर कॉलेजचं दार उघडं आणि नर्सिंगच्या वर्गाचं अरुंद. शिकवायला नर्स मिळत नाहीत, रुग्णालयांत सरावाच्या जागा पुरत नाहीत, म्हणून पात्र असलेल्यांची काही कॉलेजांत चक्क सोडत निघते. रुग्णालयं आता चार वर्षांची पदवी असलेल्या नर्सना पसंती देतात, म्हणून कम्युनिटी कॉलेजांनाच ती पदवी देऊ द्यावी असं विधेयक २०२४ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं. राज्यपालांनी नकाराधिकार वापरून ते रोखलं. याच राज्यात कम्युनिटी कॉलेजं दातांच्या आरोग्याची आणि श्वसनोपचाराची चार वर्षांची पदवी देतात, फूटहिल आणि स्कायलाइन ही दोन त्यांतली. तिथं चालतं ते नर्सिंगला का चालू नये, याचं पटेल असं उत्तर मला मिळालेलं नाही.

आता घरची गोष्ट. मिरज हे दोन गोष्टींसाठी ओळखलं जाणारं गाव: तंतुवाद्यं आणि दवाखाने. १८९४ साली वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी इथं मिशन हॉस्पिटल काढलं, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि आज गल्लोगल्ली नर्सिंग होम आहेत. इथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे गावात काम आहे, कसब आहे, शिकवू शकतील अशी माणसं आहेत. नाही ती फक्त अशी जागा, जिथं चाळिशीची बाई किंवा दहावी नापास पोरगा जाऊन म्हणेल, मला हे शिकायचंय.

आणि असं काही आपल्याला जमत नाही, असंही नाही. जोलिएटचं कॉलेज निघालं त्याच १९०१ साली, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या घरात वर्षानुवर्षं राहून, त्याची मर्जी सांभाळून मिळणारी विद्या त्यांनी वर्गात आणली, सर्वांसाठी. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेतच आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. एकेक पायरी, जमेल तेव्हा, जमेल तितकी. मी प्रवेशिकेच्या परीक्षेला बसले तेव्हा माझ्या मागं पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा होते आणि पुढं फ्रॉक घातलेली एक मुलगी. परीक्षकांनी कुणाचंही वय विचारलं नाही. यमन विचारला.

हे जे आपण गाण्यात शंभर वर्षं करतोय, ते गाणं रेकॉर्ड करणाऱ्यासाठी का नाही? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रणाचं उत्तम शिक्षण मिळतं, पण ते पदवीधरांसाठी, देशभरातून मोजक्या जागांवर. खाजगी संस्थांची फी लाखात. गावातला साऊंडवाला शिकतो तो मार खात आणि बघत बघत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे. ती मोडली की पोलीस त्याच्यावर गुन्हा दाखल करतात, मशीन जप्त करतात. पण डेसिबल म्हणजे काय, गर्दीत आवाज न वाढवता शब्द स्पष्ट कसे पोचवायचे, स्वतःचा कान कसा वाचवायचा, हे त्याला आजवर कुणी शिकवलं? सहा संध्याकाळींचा वर्ग पुरेल. तो येईल. फुकट नको म्हणेल, फी भरून येईल, कारण त्याच्या धंद्याचं काम आहे.

आरोग्याच्या कामांत तर अटींचीच रांग आहे. लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला बारावी सायन्स. नर्सिंगच्या एएनएम, जीएनएम अभ्यासक्रमांना वयाची कमाल मर्यादा ३५. पस्तिशीनंतर बाईचा हात सुई धरायला थरथरतो काय? उलट मुलं मोठी झालेली, घर सांभाळून माणसं ओळखायला शिकलेली बाई रुग्णाजवळ जास्त उपयोगी असते, हे कुठलीही मेट्रन सांगेल. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं ते प्रौढ बायकांसाठीच. लिहिणं-वाचणं आणि शिवणकाम तर होतंच, पण त्या काळच्या ब्राह्मण वस्तीची टीका सोसून त्यांनी बायकांना ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. आज आपण त्यांच्यापेक्षा मागं आहोत, असं मी जबाबदारीनं म्हणते.

विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली. आपल्याकडेही काही महाविद्यालयांत तिचे फलक लागले. पण ती राहिली चालू कॉलेजाच्या कोपऱ्यातली एक योजना, अनुदान आहे तोवरची. २०२१ मध्ये क्रेडिट साठवण्याची 'अ‍ॅकॅडमिक बँक' आली. कल्पना चांगली आहे, पण क्रेडिट जमा करायला आधी कुठल्या तरी कॉलेजात रीतसर प्रवेश लागतो, आणि तिथं पुन्हा तीच मार्कलिस्ट. २०२१ च्याच कायद्यानं आरोग्याशी निगडित व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला, आणि २०२५ पासून पोषणशास्त्र, आहारोपचार, मानसशास्त्र यांसारखे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायला यूजीसीनं बंदी केली. कारण मला पटतं. आहारोपचार पीडीएफ वाचून येत नाही, पीठ तोलावं लागतं. पण पत्रव्यवहारानं शिकणारी ती बाई कोण होती? तालुक्याच्या गावात राहणारी, घर सोडून जाऊ न शकणारी. तिचा तो रस्ता बंद केलात तर तिच्या गावात प्रयोगशाळा असलेला वर्ग उघडायची जबाबदारी तुमच्यावर येते. बंदीचं पत्रक निघालं. त्या वर्गाचं काय, यावर मी कुणाला बोलताना ऐकलं नाही.

इमारती नाहीत हे मी मानत नाही. महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. जवळजवळ प्रत्येक तालुक्यात कला-वाणिज्य महाविद्यालय आहे, आणि संध्याकाळी त्यांतल्या बहुतेकांना कुलूप असतं. जिल्हा रुग्णालयांतल्या अनुभवी सिस्टर शिकवू शकतात. आकाशवाणीतून निवृत्त झालेले ध्वनिमुद्रक आहेत. यूट्यूबवर कीर्तनं, व्याख्यानं, गावोगावच्या बातम्या येताहेत, त्यांचा आवाज ऐकवत नाही. म्हणजे कामही आहे.

मला ठाऊक आहे यावर काय म्हणतील. आधीच बोगस लॅब आणि बोगस नर्स कमी आहेत का, त्यात कुणालाही घ्यायचं? पण बोगसपणा प्रवेशाच्या अटींनी थांबलेला नाही. तो माजला आहे तो शेवटची परीक्षा ढिली असल्यामुळे, किंवा नसल्यामुळेच. प्रवेश सर्वांना द्या आणि परीक्षा अशी घ्या, की परीक्षकासमोर खऱ्या माणसाला कुशीवर वळवता आलं नाही तर प्रमाणपत्र नाही. तिथं गुणांची खिरापत नको, ओळख नको, संस्थाचालकाचा फोन नको. हे अवघड आहे. प्रवेशाला टक्केवारी लावणं सोपं आहे, म्हणून आपण ते करतो.

मिरजेला माझी वहिनी आहे. बेचाळीस वर्षांची, बारावी आर्ट्स. तिनं माझ्या काकूंचं अंथरुणातलं दुखणं चार वर्षं काढलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला एक जखम होऊ दिली नाही. नळीनं भरवायला सिस्टरकडून शिकली. डॉक्टर म्हणायचे, वहिनी, तुम्ही आमच्याकडे कामाला या. काकू गेल्यावर ती खरंच गेली, तर कोर्स केलाय का विचारलं आणि वॉर्डात झाडू-पोछ्याचं काम देऊ केलं.

गेल्या महिन्यात तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर एका जाहिरातीचा फोटो पाठवला. सहा महिन्यांत नर्सिंग असिस्टंट, वयाची अट नाही, नोकरीची शंभर टक्के हमी, फी चाळीस हजार. "भरू का?" मी फोन केला. म्हटलं, वहिनी, पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारून या. प्रमाणपत्र कुणाचं असेल, त्यांचं की सरकारी मंडळाचं? आणि सराव कुठल्या दवाखान्यात, किती तास? तिनं वहीत लिहून घेतलं. मग थोडं थांबून विचारलं, "तुमच्या तिकडच्या कॉलेजात माझ्यासारखीला घेतील का हो?"

म्हटलं, घेतील. ती सोमवारी त्या संस्थेत जाणार आहे. मार्कलिस्टची फाईल तिनं काढून ठेवलीय.